बेनाडीकर सरांची खुंटी

बेनाडीकर सरांना निपाणीत कुणी दुसऱ्यांदा जेवायला बोलवत नसे. बाजारपेठेतल्या एका वास्तुशांतीला यजमान हात जोडून म्हणाले, "सर, लाजू नका, पोटभर जेवा." सर पंगतीतून वर बघत म्हणाले, "म्हणजे मी लाजतोय, असं तुम्ही धरून चाललात. आणि लाजणारा माणूस नुसतं सांगितल्यावर लाजायचा थांबतो, हेही धरून चाललात. दोन्हीला आधार काय?" यजमान जिलबीचं ताट घेऊन पुढच्या पानाकडं गेले. सरांना जिलबी फार आवडायची. ती मिळाली नाही म्हणून घरी येऊन ते तासभर धुसफुसत होते, हे आम्हाला आक्कांनी सांगितलं. आक्का म्हणजे सरांची बायको. सरांविषयी खरी माहिती हवी असेल तर आक्कांकडंच जावं लागे.

अंगानं किडकिडीत, शर्टाचं वरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं, आणि हातात बारा महिने छत्री. भर उन्हाळ्यात ढगाचा ठिपका नसताना छत्री कशाला, असं विचारण्याची चूक प्रत्येक नवा विद्यार्थी एकदा करायचाच. "छत्री पावसासाठीच असते असं तू धरून चाललास," एवढं ऐकून तो गप्प बसायचा. खरं कारण आक्कांना ठाऊक. "हातात छत्री नसली की त्येंना हात कुठं ठिवायचं तेच कळत न्हाई बघ," त्या म्हणायच्या, "लग्नात अंतरपाट धरला तवाबी बावरल्यागत हुभं हुतं."

सर हायस्कुलात गणित शिकवायचे. बँकेची परीक्षा त्यांनी स्वतः तीनदा दिली, तिन्ही वेळा आपटले, मग वयाची अट आडवी आली. तेव्हा त्यांनी दुसऱ्यांना पास करण्याचा क्लास काढला. ह्याच्यावर पोरं मागून हसायची. तोंडावर हसायची सोय नव्हती, कारण "नापास झालेला माणूस शिकवू शकत नाही, असं धरून चाललास का?" हा प्रश्न छत्रीच्या टोकासकट छातीवर यायचा. आणि खरं सांगायचं तर माणसाला शिकवता यायचं. नको इतकं यायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सीमाभागातल्या आमच्यासारख्या पोरापोरींना बँकेची नोकरी म्हणजे स्वर्गाचं दार, आणि त्या दारावर बसलेला राखणदार म्हणजे तर्काचा पेपर. त्यात उतारे असायचे. अमक्या कंपनीनं असं ठरवलं, कारण तसं तसं. ह्यात न सांगता काय गृहीत धरलंय ते ओळखा. खाली चार पर्याय आणि पाचवा ठरलेला: 'माहिती अपुरी'. पुस्तकं इंग्रजी, आणि कंपन्याही तिकडच्याच. कुणी विमानांचं तिकीट स्वस्त करतंय, कुणी टूथपेस्टची जाहिरात बंद करतंय. आमच्यातले निम्मे राखुंडीनं दात घासणारे. सरांनी पुस्तकं बाजूला ठेवली आणि सगळे उतारे निपाणीत आणले.

"चहावाला म्हणतो, समोर नवं थिएटर झालंय, तेव्हा माझा धंदा दुप्पट होणार. काय धरून चाललाय?"

"थेटरात चहा मिळणार न्हाई, सर."

"पैकीच्या पैकी. टांगेवाला म्हणतो, गावात रिक्षा आल्या, आता टांग्याचं काही खरं नाही, तेव्हा घोडा-टांगा चांगल्या भावानं विकून टाकतो. काय धरून चाललाय?"

ह्याचं उत्तर सरच सांगायचे, "घेणाऱ्याला रिक्षा दिसत नाहीत, हे धरून चाललाय." आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसायचे की खोकला लागायचा.

ह्या न बोललेल्या गोष्टीला ते खुंटी म्हणत. फळ्यावर एक सदरा काढायचे. सदरा म्हणजे दावा. तो हवेत लटकत नाही, मागं कुठंतरी खुंटी आहे, पण सदऱ्यानंच ती झाकलीय. "उपटून बघा. सदरा खाली आला, तर तीच खुंटी. नाही आला, तर तुम्ही भिंतीतला भलताच खिळा काढलात." बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त होईपर्यंत मी ह्याच सदऱ्यावर नोकरी केली. बेळगावच्या उद्यमबागेतले फाउंड्रीवाले कर्जाचे कागद घेऊन यायचे, ऑर्डरी वाढल्यात म्हणून नवी भट्टी पाहिजे म्हणायचे, आणि मला टेबलामागं सरांचा सदरा दिसायचा.

क्लासचा एक नियम होता. रोज प्रत्येकानं बाजारातून एक दावा आणायचा. आम्ही चाळीस जण दुकानादुकानांत जाऊन लोकांना बोलतं करायचो. एक कापडवाले म्हणाले, "तीस वर्षं गाव आमच्याकडं कापड घेतंय, म्हणजे माल चांगलाच असणार की." आमच्यातला एकजण म्हणाला, "तीस वर्षांत दुसरं दुकान कुठं हुतं, अण्णा?" तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडून "साक्री, साक्री" म्हणत आम्हाला पायरी उतरवलं. पुरे झालं, ह्या अर्थाचं ते कन्नड निपाणीत लहान पोरालाही कळतं. भांड्याच्या दुकानातले आजोबा तर क्लासचं पोर दिसलं की तोंडच बंद ठेवायचे. बोटांनी भाव दाखवायचे.

सरांचा स्वतःचा अभ्यास तर अखंड चालू असायचा. आक्का म्हणाल्या, "मीठ संपलंय," तर "डब्यातलं संपलंय का घरातलं?" आक्का म्हणाल्या, "घरातलं." "म्हणजे तू सगळं घर बघितलंस." त्या दिवशी सर अळणी आमटी जेवले. सीमाप्रश्नाची सभा झाली. एक पुढारी म्हणाले, इथल्या दुकानांच्या पाट्या मराठी, म्हणून गाव महाराष्ट्राचं. सरांनी मागून हात वर केला. पुढच्या महिन्यात एक सरकारी साहेब आले, म्हणाले, हा रस्ता आम्ही केला, म्हणून गाव कर्नाटकाचं. सरांनी पुन्हा हात वर केला. झालं, दोन्ही बाजूंनी त्यांना दुसऱ्या बाजूचा माणूस ठरवून टाकलं. वास्तविक गाव महाराष्ट्रात जावं म्हणून त्यांनी देवाला नवस बोललेला, पण ते फक्त आक्कांना ठाऊक.

असा हा माणूस. देवालाही सोडलं नसतं. पण एका माणसाच्या बोलण्यातली खुंटी त्यांनी कधी उपटून बघितली नाही.

तो म्हणजे आमचा शेठ. बिडी कारखान्याचा मालक. खाली तंबाखूची वखार, तिच्या पुढच्या पडवीत बिड्या घ्यायचं टेबल, आणि वर एक मोठी खोली. त्या खोलीत सरांचा क्लास. भाडं काही नाही. "विद्यादान लई मोठं, सर," शेठ म्हणाले होते, "खोली मोकळीच पडलीया. वापरा की." तंबाखूच्या खकाण्यानं आम्ही सगळे शिंकत शिंकत तर्क शिकलो. पाहुणे आले की शेठ त्यांना वर आणायचे आणि दारातून आम्हाला दाखवायचे. रोज चाळीस जण त्या जिन्यानं वर जायचो, पण हा माणूस खोली फुकट का देतो, हा प्रश्न काही फळ्यावर आला नाही. मीही विचारला नाही. आपल्याला मोफत मिळालेल्या गोष्टीत आपण कशाला बोट घालतोय!

आता माझ्या आईचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

आई शेठच्याच कारखान्यात कार्डावर होती. कार्ड असलेल्या बाईला कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा मिळे. घरी मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या आणि शनिवारी टेबलावर नेऊन द्यायच्या. तिथं मुकादम बसलेला. तो जुड्या चाळायचा आणि त्याला वाटतील त्या बिड्या बाजूच्या ढिगात ढकलायचा. त्याला छाट म्हणत. छाट म्हणजे खराब माल, म्हणून त्याची मजुरी नाही. पण तो ढीग कुणी टाकून देत नसे. रात्रीत पोती भरून तोही माल खेड्यांतल्या दुकानांत जायचा आणि लोक तो ओढायचे. हे आमच्या भीमनगरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेलेले. मी बी. कॉम. झाले होते, परीक्षा तीन महिन्यांवर होती, आणि आमचं घर त्या एका कार्डावर चाललं होतं. त्या महिन्यात मुकादमानं आईची छाट वाढवत वाढवत निम्म्यावर नेली. वर म्हणाला, "तुजा हात बिघडलाय. पुढच्या शनवारी आशीच छाट आली तर कार्ड बंद." कार्ड बंद म्हणजे चूल बंद, आणि माझा क्लास सुटून मीही कुणाच्या तरी वखारीत तंबाखू कुटायला. इतकी साधी गोष्ट होती ती.

दुसऱ्या दिवशी दावा सांगायची माझी पाळी आली. मी उभी राहून म्हणाले, "कारखानदार म्हणतो, ह्या बिड्या खराब, म्हणून ह्यांची मजुरी देणार नाही."

सरांचे डोळे चमकले. असला ताजा दावा त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाला नव्हता. फळ्यावर सदरा काढला गेला. खुंटी निघाली: खराब बिडी कारखानदाराच्या काही उपयोगाची नाही. ती उपटली. छाट तर बाजारात विकली जाते. सदरा धपकन खाली आला. सर छत्री आपटत म्हणाले, "पैकीच्या पैकी! शालन, हा परीक्षेत येण्याच्या लायकीचा आहे!"

मी म्हणाले, "मार्क नकोत, सर. ह्या बिड्या माझ्या आईच्या हायत. खाली जाऊन शेठना सांगा."

खाली म्हणजे कुठं, ते सगळ्यांना कळलं. बरीच पोरं जमिनीकडं बघायला लागली, जणू फरशीतून शेठ दिसत होता. सरांनी खडू खाली ठेवला, बटण चाचपलं आणि म्हणाले, "चल."

ते गेले, हे मी कबूल करते. मला शेठच्या खोलीच्या दाराबाहेर थांबवलं, पण दार उघडंच होतं.

"या सर, बसा. चहा सांगू?"

"शेठ, एक दावा तपासायचा होता."

"तपासा की. आमी कुटं न्हाई म्हनतोय?"

सरांनी सगळं मांडलं. दावा, कारण, खुंटी, छाटेची पोती, खेड्यांतली दुकानं. इतकं स्वच्छ, इतकं बिनतोड की दाराबाहेर माझा ऊर भरून आला. शेठ बशीतून चहा पीत ऐकत होते. मग सावकाश बशी खाली ठेवून म्हणाले, "तुमचं समदं बराबर हाय, सर. पर तुमीबी एक धरून चाललासा."

"काय?"

"मला हे म्हाईत न्हाई, आसं."

सरांनी छत्री भिंतीला टेकवून ठेवली. मग शेठच म्हणाले, "वरती पंखा बसवावा म्हनत हुतो. चाळीस पोरं बसत्यात, लई उकडतंय. का क्लास बंद करायचा इचार हाय तुमचा?"

"छे छे," सर म्हणाले. "तसं काही नाही."

ते बाहेर आले ते थेट जिन्याकडं. छत्री आतच राहिली. ती आणायला मला आत जावं लागलं. शेठनी ती माझ्या हातात दिली आणि गोड हसून म्हणाले, "आईला सांग, हात जरा बरा चालव म्हनावं."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा दावा पुन्हा फळ्यावर लिहिला, पर्याय लिहिले, आणि पाचव्यावर खूण केली. माहिती अपुरी. "उताऱ्यात शेठच्या... कारखानदाराच्या बाजूचं पुरेसं काही नाही," असं फळ्याकडंच बघत म्हणाले. माझ्या तोंडात शिवी आली होती. आमच्या गल्लीत त्या चांगल्या खणखणीत मिळतात. पण मी गिळली, कारण परीक्षा पास व्हायची होती आणि दुसरा क्लास कोल्हापूरशिवाय नव्हता.

घरी आल्यावर मात्र सगळं ओकले. खुंटी, सदरा, शेठ, पंखा, सगळं. आई बिडी वळत ऐकत होती. तिचा हात एकदाही थांबला नाही.

"म्हंजी ते खराब म्हनत्यात, पर मनात त्येंनाबी म्हाईत हाय चांगल्या हायत म्हनून."

"व्हय."

"आन् सर सांगून थकलं."

"थकलं न्हाईत, घाबरलं."

"तू गप गं. मोटं मानूस हाय ते." तिनं दोरा दातानं तोडला. "सांगून काय उपेग? ती खुंटी का काय, उपटून दाखवायची म्हनत्यात न्हवं? मग उपटूया की."

शनिवारी दुपारी क्लास सुटला. सर पुढं, त्यांच्या मागं दोन पायऱ्यांवर मी. जिन्यातून पडवी दिसत होती. बायकांची रांग, टेबल, आणि टेबलापुढं माझी आई. मुकादमानं तिच्या जुड्या चाळल्या आणि निम्म्याला निम्म्या ढिगात ढकलल्या.

"ह्या खराब न्हवं?" आईनं विचारलं.

"व्हय."

"पक्क्या खराब?"

"एकदा सांगितलं न्हवं? फेकायच्या लायकीच्या हायत!"

"बरं," आई म्हणाली. दोन्ही मुठींत मावतील तेवढ्या छाट बिड्या तिनं उचलल्या आणि काटक्या मोडाव्यात तशा मोडल्या. तंबाखू भुरुभुरु टेबलावर पडली. लगेच दुसरी मूठ.

"अगं ए बाई!" मुकादम खुर्चीवरून उडाला. "मोडू नको! मोडू नको म्हनतोय न्हवं!"

आणि त्याच क्षणी जिन्यातून दुसरा आवाज आला. "अहो, मोडू नका!"

तो सरांचा होता. छत्री वर उचललेली, कठडा घट्ट धरलेला. ओरडले आणि मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "खोली जाईल की हो." मी दोन पायऱ्यांवर होते म्हणून ऐकलं. खाली कुणाला ऐकू गेलं नाही, कारण खाली तोवर हसण्याचा कल्लोळ उठला होता. रांगेतली एक म्हातारी मुकादमाला म्हणत होती, "फेकायच्या हायत म्हनालास न्हवं? मग वरडाय काय झालं रं तुला?" आणि तिनंही ढिगातली एक मूठ उचलून मोडली. मग तिच्या मागचीनं. मग सगळ्यांनी. पडवीभर तंबाखू, शिंका आणि हसू.

शेठ बाहेर आले. मुकादमाच्या तोंडाकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं. माणूस हुशार, सगळं एका नजरेत कळलं. चाळीस बायकांपुढं त्यांचाच मुकादम छाट वाचवायला धावला होता. आता कुठल्या तोंडानं खराब म्हणणार? "कार्ड कुनाचं बंद करायचं न्हाई," ते मुकादमाला म्हणाले आणि आत गेले.

छाट काही बंद झाली नाही. पण त्या दिवसापासून बायकांनी रीतच पाडली, छाट निघाली की ती तिथंच, मुकादमाच्या नाकासमोर मोडायची. मग मुकादमाचा हात आपोआप आखडला. खराब बिडी खरोखरच वाया जाणार म्हटल्यावर त्याला खराब बिड्या फारशा दिसेनात.

आठ दिवसांनी वरच्या खोलीला कुलूप लागलं. "तंबाखू ठिवायचीय," असा निरोप. क्लास सरांच्या घराच्या सोप्यात आला. चाळीसचे चौदा राहिलो. बाकीच्यांच्या आईबापांना शेठशी वाकडं नको होतं. पहिल्याच दिवशी आई माझ्याबरोबर तिथं आली, पदराखाली वाळकं, म्हणजे गावठी काकड्या, घेऊन. सरांपुढं ठेवली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "सर, माझ्यापायी तुमची खोली गेली. पर एक सांगू? त्या दिशी तुमी जिन्यातनं वरडलासा, तवा मला लई बरं वाटलं. मुकादम वरडला त्यो मालासाटी. तुमी वरडलासा, एवढ्या निगुतीनं वळल्याल्या चांगल्या बिड्या मोडू नयेत म्हनून. माझ्या हाताची कदर केलीसा."

मी सरांकडं बघितलं. जिलबीच्या ताटालाही न सोडणारा हा माणूस, आता म्हणेल, असं तुम्ही धरून चाललात, बाई. सरांनी तोंड उघडलं. छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. आणि म्हणाले, "बसा. चहा घेऊन जा." बस्स. आक्का चहा घेऊन आल्या, आई चहा पिऊन गेली. मला तिथल्या तिथं सांगून टाकावंसं वाटत होतं. पण आईचा चेहरा इतका उजळला होता की माझीही जीभ उचलेना. घरी गेल्यावरही उचलली नाही, नंतरही कधी नाही.

मी पास झाले. तर्काच्या पेपरात तर सगळ्यात वर. बेळगावला नोकरी लागली. पेढे द्यायला गेले, तेव्हा सर पेढा हातात धरून म्हणाले, "माझ्यामुळं पास झालीस असं धरून हा पेढा आणलास का?" मी म्हणाले, "व्हय." त्यांनी पेढा खाल्ला. नंतर सात-आठ वर्षांत भेट अशी झालीच नाही. खरं तर मीच टाळत होते. निपाणीला आले की त्यांच्या गल्लीवरून जायचे नाही. माझा राग अजून तसाच होता, आणि तो आईला सांगता येत नव्हता म्हणून जास्तच.

एका शनिवारी बेळगावहून बसनं आले, तर निपाणीच्या स्टँडवर बाकड्यावर सर बसलेले. दम्यानं पार वाळलेले. छत्री तीच. मी नमस्कार केला तर न बोलता त्यांनी पिशवीतून वही काढली. त्यांच्या प्रश्नांची वही. एक पान माझ्यापुढं धरलं. वर माझाच दावा होता, त्यांच्या रेखीव अक्षरात. बाईनं छाट मोडली, ते होतं. मुकादम ओरडला, तेही होतं. आणि खाली लिहिलेलं: 'त्याच वेळी दुसरा एक मनुष्य ओरडला. बाईला वाटलं, तो आपल्यासाठी ओरडला. बाई काय धरून चालली होती?'

"पोरं काय उत्तर देतात?" मी विचारलं.

"हा प्रश्न मी अजून कुणाला घातला नाही." ते खोकत म्हणाले. "तुझी आई अजून तसंच समजते?"

"व्हय. मागच्या खेपेलाच शेजारणीला सांगत होती."

"तू सांगितलं नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मी सांगेन असं तू धरून..." त्यांचं वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली. मग उठले आणि म्हणाले, "आहे का घरी?"

आई दारातच सूप घेऊन बसली होती. माझ्या पगारावर आता घर चालत होतं, पण तिला हात रिकामा ठेवायला जमत नसे. सर उंबऱ्याशी बसले. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तुमच्या बिड्यांसाठी ओरडलो नव्हतो. मला माझ्या खोलीची भीती वाटली, म्हणून ओरडलो. तुम्ही समजलात ते चूक होतं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही."

आईनं बिडीचं तोंड नखानं दुमडलं, दोरा बांधला, बिडी सुपात ठेवली.

"मला म्हाईत हुतं की," ती म्हणाली.

आईनं दुसरं पान मांडीवर घेतलं. 

"जिन्यात तुमचं त्वांड दिसत हुतं की मला. बिड्यांकडं कुटं बगत हुतासा? शेठच्या दाराकडं बगत हुतासा." ती हसली. "मला कळत न्हाई, आसं धरून चालला हुतासा व्हय, दोघंबी?"

"मग त्या दिवशी घरी येऊन तसं का म्हणालात?" सरांनी विचारलं.

"आवो, माझ्यापायी तुमची खोली गेली. रिकाम्या हातानं कसं यायचं? वाळकं आनली, पर ती केवढ्याशी! म्हनलं, आनि काय तर द्यावं."

सर हसायला लागले. हसता हसता खोकला आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन त्यांनी वही उघडली, तो प्रश्न पेन्सिलीनं खोडला, समासात 'पैकीच्या पैकी' लिहिलं आणि आईचं पूर्ण नाव विचारून त्यापुढं घातलं. लिहिता वाचता न येणाऱ्या माझ्या आईला मिळालेले ते एकमेव मार्क. मग ते उठले आणि गेले. गल्लीच्या वळणापर्यंत मला दिसत होते. दोन्ही हात मोकळे सोडून, हलवत हलवत, शाळा सुटलेल्या पोरासारखे चालले होते.

"आगं, छत्री हितंच ऱ्हायली की त्येंची!" आई म्हणाली. "पळ, दे जा."

"राहू दे गं," मी म्हणाले. "उद्या येतील की घ्यायला."

रविवारी सर आले नाहीत. सोमवारी सकाळी आक्कांचा निरोप आला, सर पहाटे गेल्याचा.